पोरांनो, बाहेर जाऊ नका

पहाटे ५.३०

शनिवारी माझी ऑपरेशनची यादी नसते. मी भूलतज्ज्ञ. आठवडाभर सांगलीतल्या वेगवेगळ्या थिएटरांत माणसांना झोपवायचं आणि वेळेवर जागं करायचं, हा पोटापाण्याचा उद्योग. मोकळ्या शनिवारी मात्र गाडीत धडं भरून शाळा गाठायची. धडं म्हणजे सीपीआर (हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबणं) शिकवायची मॅनिकिन: डोकं, मान, छाती आणि त्याखाली काही नाही. माझ्याबरोबर येणारा ओटी टेक्निशियन एकेक धड काखेत मारून जिना उतरतो. शेजाऱ्यांना सवय झालीय. नवा दूधवाला मात्र आज फाटकालाच पिशवी अडकवून पसार झाला.

विकतची मॅनिकिन चारच आहेत. पन्नासच्या तुकडीला ती पुरत नाहीत, म्हणून बाकीची आम्ही घरी करतो. जुना टी-शर्ट, त्यात फोमचे दोन तुकडे आणि मधोमध झाकण घट्ट लावलेली पाण्याची रिकामी बाटली. दाबली की कट्ट आवाज होतो, हात उचलला की परत फुगते. चेहरा नसतो, तो पोरं स्केचपेननं काढतात, मिशांसकट. दाब किती खोल गेला ते बाटली नीट सांगत नाही, हे खरं. पण ताल हातात बसतो, आणि बाटली फुटली तर कुणाचं काही जात नाही.

स्पिरिटचे बोळे, एक ओढणी, एक टॉवेल, छोटा स्पीकर. फोनमध्ये मेट्रोनोम मिनिटाला ११० वर लावून ठेवलेला. निघालो.

६.४०

डिसेंबर. साखर कारखाने जोरात. पलूसच्या रस्त्यावर पुढं दोन ट्रॉल्या ओढणारा उसाचा ट्रॅक्टर, त्याची गाणी अख्ख्या शिवाराला ऐकू जाताहेत, आणि ओव्हरटेक करायला जागा नाही. टेक्निशियन घड्याळ बघतो. मी मनात वेगळा हिशेब करते.

हृदय थांबल्यावर ४ ते ६ मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. कुणीच काही केलं नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटत जाते. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका सेवा आहे, गाडीत डॉक्टर असतो, ही माणसं धावपळ करून येतात. पण या ट्रॅक्टरच्या मागं तीही माझ्यासारखीच अडकणार. मधली मिनिटं घरातल्या माणसांच्या हातात असतात. घरातल्याच, कारण हृदय बंद पडण्याचे बहुतेक प्रसंग रस्त्यावर किंवा मैदानात घडत नाहीत, घरात घडतात.

आता या भागातलं दुपारी ३ वाजताचं घर डोळ्यांपुढं आणा. आईवडील रानात. आजोबा सोप्यात आडवे झालेले. घरात दुसरं कोण? शाळेतून आलेली नववीतली पोरगी. आणि आपल्याकडची रीत अशी, की घरात काही बरंवाईट झालं की पहिला हुकूम सुटतो तो ‘पोरांनो, बाहेर व्हा’ हा. जो हात तिथं असतो त्यालाच आपण अंगणात पाठवतो. छाती दाबायला शिकवणं सोपं आहे, दोन तासांत होतं. तो हुकूम मोडायला शिकवणं हे माझं खरं काम, असं आता मला वाटतं.

७.२०

मुख्याध्यापिका बाईंच्या खोलीत चहा. मुलांसमोर जाण्याआधी मी एक गोष्ट न चुकता विचारते: वर्षभरात कुणाच्या घरी कुणी अचानक गेलंय का? बाई रजिस्टर न उघडता सांगतात. नववी ‘अ’मध्ये एकाचे वडील दिवाळीत गेले, ‘क’मध्ये एकीची आजी. त्या दोघांना वर्गशिक्षकांनी आधीच बाजूला घेऊन विचारावं, बसायचं की ग्रंथालयात जायचं ते त्यांनी ठरवावं, आणि दोन्हीपैकी काहीही निवडलं तरी कुणी कारण विचारू नये. ज्या पोराला आपल्या बापासाठी हे कुणी केलं नाही हे वर्गात बसून कळणार आहे, त्याच्यासमोर मी हसतखेळत बाटली दाबू शकत नाही.

बाईंची अडचण दुसरीच. ‘मॅडम, तासिका कुठली दाखवू?’ मी म्हटलं, पीटीची दाखवा, घाम तर येणारच आहे. नॉर्वेतल्या शाळांत हे १९६१ पासून शिकवतात. डेन्मार्कनं २००५ मध्ये शाळेत सक्तीचं केलं, पुढच्या वर्षी वाहन परवान्यालाही जोडलं. तिथं २००१ मध्ये रुग्णालयाबाहेर हृदय थांबलेल्यांपैकी सुमारे २१ टक्के लोकांनाच आजूबाजूच्या माणसांकडून सीपीआर मिळायचा, २०१० मध्ये ते प्रमाण ४५ टक्क्यांच्या आसपास गेलं. नुसत्या शाळांमुळे असं कुणी म्हणत नाही, पण शाळा वगळून हे झालं असंही कुणी म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये ‘किड्स सेव्ह लाइव्हज’ या आवाहनाला पाठिंबा दिला. त्यातली मागणी अगदी माफक आहे: वयाच्या बाराव्या वर्षापासून वर्षाला २ तास.

वर्षाला, हा त्यातला महत्त्वाचा शब्द. हे कौशल्य काही महिन्यांत पुसट होतं. म्हणून मैदानावर हजारो मुलं एकदम बसवून, ड्रोननं फोटो काढून, प्रमाणपत्रं वाटून होणाऱ्या विक्रमी कार्यक्रमांना मी जात नाही. तिथं शेवटच्या रांगेतल्या मुलाच्या हाताला मॅनिकिन लागतच नाही.

७.३५

परिपाठ. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष. दिनविशेषाच्या मध्येच मुलींच्या रांगेतून धप्प आवाज. आठवीतली एक पडली. मी पोचेपर्यंत दोन पोरं तिच्याशेजारी गुडघे टेकून तयार: ‘मॅडम, दाबू का?’ काल वर्गात सूचना वाचून दाखवली होती म्हणे.

मुलगी डोळे उघडून म्हणाली, ‘मला काय झालं?’ बोलते आहे, श्वास घेते आहे, म्हणजे छातीला हात लावायचा नाही. आडवंच ठेवलं, पाय दप्तरावर उंच केले, बाकीच्यांना मागं सारलं. सकाळी काही खाल्लं होतं का? नाही. शनिवारच्या सकाळच्या शाळेत हे इतकं नेहमीचं आहे, की शिपाईमामांच्या खिशात पारले-जी तयार होतं.

७.५५, नववी अ

जयजयकार, गुच्छ, परिचय हे सगळं बाईंनी कृपा करून टाळलं. बाकं भिंतीला लावली, सतरंज्या पसरल्या.

शिकवायचं ते थोडंसंच असतं. माणूस पडला. आधी आपण सुरक्षित आहोत का बघायचं. विजेचा धक्का असेल तर मेन स्विच बंद केल्याशिवाय हात लावायचा नाही. खांदे हलवून मोठ्यानं हाक. उत्तर नाही. छातीकडं बघायचं, नीट वरखाली होतेय का, जास्तीत जास्त १० सेकंद. होत नाही. १०८ ला फोन, स्पीकरवर. आणि दाबायला सुरुवात.

‘नीट’ या शब्दावर मी अडून बसते, कारण सगळी गफलत तिथं होते. हृदय थांबल्यावर काही माणसं थोडा वेळ आचके देतात. तोंड उघडतं, घरघर होते, हनुवटी हलते, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक. घरचे म्हणतात, श्वास चालू आहे की! आणि वाट बघत बसतात. तो आवाज मी वर्गात काढून दाखवते. पहिल्यांदा पोरं खदाखदा हसतात. दुसऱ्यांदा काढते तेव्हा हसू कमी होतं. तिसऱ्यांदा काढून विचारते, दाबायचं की नाही? तेव्हा पन्नास जण ओरडतात, ‘दाबायचं!’ कधी कधी सुरुवातीला झटकेही येतात, फिट आल्यासारखे. मग कांदा फोडला जातो, चप्पल हुंगवली जाते, मुठीत किल्ली कोंबली जाते. फिटला कांद्याचा उपयोग नाही आणि हृदयालाही नाही. झटके थांबले की पुन्हा छातीकडं बघायचं, एवढंच.

मग हात. छातीच्या मधोमध, छातीच्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर, तळहाताची टाच. त्यावर दुसरा हात, बोटं गुंफलेली. कोपर ताठ, खांदे बरोबर हातांच्या वर. मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर आत गेली पाहिजे, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि प्रत्येक दाबानंतर ती पूर्ण वर येऊ द्यायची. वर येताना हृदयात रक्त भरतं. नवशिके दाबायला विसरत नाहीत, सोडायला विसरतात.

मोजणीची एक गंमत. ३० पर्यंत मोजायला सांगितलं की विसापर्यंत गाडी सुसाट जाते. पुढं पंचवीस, सव्वीस करताना जीभ अडखळते आणि जिभेबरोबर हातही. म्हणून दहा-दहाचे तीन फेरे मोजायचे.

तिसऱ्या रांगेतला एक पोरगा वर्गात सगळ्यात बारीक. वजन पस्तीसेक किलो असेल. कोपरं वाकवून, नुसत्या दंडाच्या जोरावर दाबत होता. बाटली कट्ट म्हणेना. मित्र हसले. त्याला म्हटलं, दंड विसर. गुडघे अजून जवळ घे, छातीला चिकटव. आता खांदे पुढं आण, तुझं नाक मॅनिकिनच्या पलीकडच्या काठावर यायला हवं. आता कोपर ताठ ठेव आणि अंगाचा भार सोड. कट्ट. पुन्हा कट्ट. त्यानं वर बघितलं नाही, मोजत राहिला. मिनिटभरात कपाळावर घाम, कान लाल. विकतच्या मॅनिकिनवर घेतला, तिथं पुरेशा खोलीचा हिरवा दिवा दोन दाबांआड लागत होता. दोन-तीन वर्षांत वजन वाढेल, दिवाही दर वेळी लागेल. २००७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एका अभ्यासात १३-१४ वर्षांची मुलं मोठ्यांइतकं खोल दाबू शकत होती. ९-१० वर्षांच्यांना तेवढी खोली जमत नव्हती, पण पद्धत मात्र ती शिकली होती. शरीर पुढं वाढतंच, डोक्यात आधी शिरलेलं असलं म्हणजे झालं.

दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. दमलेला माणूस दमलो म्हणत नाही, नुसता वरवर दाबत राहतो.

दिवाळीत ज्याचे वडील गेले तो दाराशी बसला होता, ग्रंथालयात गेला नव्हता. शेवटी एका गटात मोजणारा कमी पडला, तेव्हा तो बसल्या जागेवरून मोजायला लागला. वर्गशिक्षकांनी माझ्याकडं बघितलं. मी पुढच्या गटाकडं गेले.

९.००, नववी ब

या तासाला मी काका असते. पीटीच्या सरांनी माझ्या खांद्यावर टॉवेल टाकला, मॅनिकिनला टोपी घातली. मॅनिकिन म्हणजे आज्जा. एका मुलीला बसवलं, दाबायला लाग म्हटलं, आणि दारातून ओरडत आत आले, ‘ए पोरी, काय लावलंय हे? हो बाजूला! पाणी आणा पाणी! कांदा फोडा कुणीतरी!’

ती चटकन उठली आणि म्हणाली, ‘सॉरी.’

दुसरा पोरगा उठला नाही, पण दाबायचं थांबवून माझ्याशी वाद घालायला लागला. मुद्देसूद होता. मेंदू, रक्त, प्राणवायू, सगळं बरोबर सांगत होता. तेवढ्यात आज्जा गेला.

तिसरी मुलगी अंगानं थोराड, दिवसभर एक अक्षर न बोलणारी, असं बाईंनी नंतर सांगितलं. मी आरडाओरडा केला. तिनं मान वर केली नाही. दाबतच म्हणाली, ‘काका, १०८ लावा.’ मी म्हटलं, अगं सोड त्यांना! ‘काका, फोन स्पीकरवर टाका. आन् दार सगळं उघडा.’ मी अजून चढ्या आवाजात: अगं मरंल की म्हातारा!

‘मेलाच हाय काका, म्हणून तर दाबतीया.’

वर्ग फुटला. पण याच्यापेक्षा नेमकं उत्तर मी वैद्यकीय परिषदांतही ऐकलेलं नाही. हृदय थांबलंय, श्वास थांबलाय, यापेक्षा वाईट तुम्ही त्याचं काहीच करू शकत नाही. बरगडी मोडू शकते, मोडते, हाताखाली कड् असा आवाजही येतो. दाबत राहायचं. बरगडी जुळते.

मग त्या एका वाक्याची आम्ही तालीम केली, सगळ्यांनी, आळीपाळीनं. ‘काका, १०८ लावा.’ ‘मावशी, दारात उभ्या राहा, गाडी आली की हात करा.’ ‘निळा शर्ट, तुम्ही पुढचं दाबायला या.’ कुणीतरी फोन करा असं म्हटलं की कुणीच करत नाही, जो तो दुसऱ्याकडं बघतो. बोट दाखवून एकाला सांगितलं की तो करतो. मोठ्यांना उलटून बोलू नये हे यांना घरात रोज ऐकवलं जातं, आणि ते बरोबरच आहे. पण आधी ‘काका’ म्हणून मग काम सांगितलं तर त्यात उद्धटपणा कसला? सुरुवातीला आवाज घशात अडकतात. मुलींचे जास्त. तिसऱ्या फेरीला छपरावरची कबुतरं उडाली.

ओढणी याच तासाला लागते. मॅनिकिनवर ती टाकली की हीच पोरं एकमेकांकडं बघतात, हात मागं जातात. सार्वजनिक जागी बाईचं हृदय थांबलं तर पुरुषापेक्षा तिला सीपीआर मिळण्याची शक्यता कमी असते, हे पुढारलेल्या देशांतही दिसून आलंय. जागा तीच, छातीच्या मधोमध. हाड ते हाड. मी वर्गाला दोनदा सांगितलं, आणि मग मुलग्यांना एकेक करून त्याच मॅनिकिनवर बसवलं. पाचव्या मुलापर्यंत ओढणीकडं कुणाचं लक्षही नव्हतं.

एक नियम फळ्यावर लिहून ठेवते: जिवंत मित्रावर सराव करायचा नाही. चेष्टेतही नाही.

९.५०

मधली सुट्टी. शिक्षकांच्या खोलीत भडंग आणि चहा. पीटीचे सर विचारतात, ‘मॅडम, उद्या पोलिसांचं लचांड मागं लागलं तर?’ रस्त्यावरच्या अपघातापुरतं सांगायचं तर सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक सूचनांवर शिक्कामोर्तब केलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १३४ अ हे कलम आलं: सद्‌भावनेनं मदत करणाऱ्याला जबाबदार धरता येत नाही, नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही. घरातल्या आजोबांची छाती दाबणाऱ्या नातवाकडं कोण पोलीस येणार आहे? सर हसले, पण त्यांचा प्रश्न खरा होता. आमच्या भागात अजून माणसं जखमीला हात लावायला याच भीतीनं बिचकतात.

दोन मुलं खिडकीतून डोकावून विचारतात, एरिक्सनला पण हेच केलं होतं का? हो. १२ जून २०२१, कोपनहेगन, युरो स्पर्धेत डेन्मार्क-फिनलंड सामना, ख्रिश्चन एरिक्सन मैदानातच कोसळला. छाती दाबली, एईडी नावाच्या यंत्रानं हृदयाला शॉक दिला, वाचला आणि पुढच्या वर्षी पुन्हा खेळायला लागला. ‘आपल्याकडं ती मशीन हाय?’ गावात नाही. विमानतळावर, काही मोठ्या संस्थांत भिंतीवर लावलेली असते. दिसली तर उघडायची, ती स्वतःच बोलून काय करायचं ते सांगते. दिसली नाही तर आपले हात आहेतच.

१०.१५, नववी क

शेवटच्या तुकडीपर्यंत माझा आवाज बसतो, म्हणून इथं गोष्टीनं सुरुवात करते. मॅनिकिनचा चेहरा दाखवते. ही ॲन. नॉर्वेतल्या स्टावांगर गावात आस्मुंड लार्डाल नावाचा खेळणी करणारा माणूस होता. त्याचा लहान मुलगा बुडता बुडता वाचला. पुढं काही भूलतज्ज्ञ त्याच्याकडं आले, म्हणाले, तोंडानं श्वास द्यायचा सराव करायला एक बाहुली करून द्या. त्यातला पीटर साफर हा सीपीआरच्या जनकांपैकी एक. १९६० मध्ये ही बाहुली आली. चेहरा मात्र पॅरिसमधल्या एका अनोळखी मुलीचा. एकोणिसाव्या शतकात ती सेन नदीत सापडली म्हणतात, आणि तिच्या चेहऱ्याचा साचा लोकांच्या घरात शोभेला टांगलेला असायचा. १९६० मध्येच अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समधल्या कौवेनहोवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाहेरून छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवता येतं हे मांडलं. कौवेनहोवेन डॉक्टर नव्हते, विजेचे इंजिनीअर होते. त्यांच्या लेखाचा सूर असा, की आता हे कुणीही, कुठंही सुरू करू शकेल, लागतात ते दोन हात.

एक मुलगा म्हणाला, ‘नदीत सापडली तर तिला कुणी दाबलं नाही का?’

इथं मला आमच्याच संघटनेच्या धड्याला पुरवणी जोडावी लागते. भारतीय भूलतज्ज्ञांनी २०१७ मध्ये सामान्य माणसासाठी केवळ छाती दाबण्याची पद्धत आखून दिली. ती योग्यच आहे. तोंडाला तोंड लावायच्या संकोचानं माणसानं काहीच न करण्यापेक्षा नुसतं दाबलेलं बरं. मोठ्या माणसाचं हृदय अचानक थांबतं तेव्हा रक्तात प्राणवायू थोडा शिल्लक असतोही. बुडालेल्याचं तसं नाही. त्याचं हृदय प्राणवायू संपल्यामुळंच थांबलेलं असतं, तिथं श्वास हवाच. कृष्णाकाठच्या शाळेत हे न सांगता निघून जाणं मला पटत नाही. २०१९ च्या महापुरात याच तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली तेव्हा ही मुलं दुसरी-तिसरीत होती. विहिरी तर प्रत्येक मळ्यात आहेत.

म्हणून ‘क’ला श्वासही शिकवले. हनुवटी वर, नाक बंद, छाती उचलेल इतपतच फुंकर. बुडालेल्याला आधी ५ श्वास, मग ३० दाब आणि २ श्वास. ‘ईईई’ झालं, मग मॅनिकिनचं तोंड स्पिरिटनं पुसून पुसून सगळ्यांनी केलं. उलटं टांगून, पोट दाबून पाणी काढत बसायचं नाही, त्यात वेळ जातो आणि पोटातलं छातीत जातं. आणि त्याच्याही आधी: पाण्यात उडी मारायची नाही. दोर टाका, साडी टाका, झाकण लावलेला रिकामा कॅन टाका. एकाला वाचवायला उतरलेला दुसराही जातो, हे या गावाला मी सांगायची गरज नाही.

उरलेल्या वीस मिनिटांत एक लेखी काम. वहीत आपल्या घराचा पत्ता लिहा, १०८ वरच्या बाईला सांगितल्यासारखा. तिनं सांगली कधी बघितलेली नाही असं धरा. पहिल्या मुलानं लिहिलं, ‘मळ्यात.’ दुसऱ्यानं, ‘तात्याच्या घराशेजारी.’ एकीनं गाव, तालुका, जिल्हा लिहिलं आणि पुढं अडकली, कारण तिच्या वस्तीला नावच नाही, सगळे ‘वरची वस्ती’ म्हणतात. शेवटी जमलं: अमुक फाटा, तिथून पाण्याच्या टाकीपर्यंत, टाकीपासून डाव्या हाताचा कच्चा रस्ता, फाट्यावर भाऊ बॅटरी घेऊन उभा राहील. पन्नासातल्या बऱ्याच जणांना तीन-तीनदा लिहावं लागलं. माझ्या मते आजच्या दिवसातला सगळ्यात उपयोगी धडा हाच, आणि त्याला मॅनिकिनही लागत नाही.

जाता जाता एका मुलीनं विचारलं, ‘मॅडम, दाबूनबी उठलं नाही तर?’ हा प्रश्न येतोच, आणि त्याला गोड उत्तर देता येत नाही. बहुतेक जण उठत नाहीत, बाळा. रुग्णालयात, सगळी यंत्रं हाताशी असतानाही अनेकदा उठत नाहीत. तू दाबलंस म्हणून कुणी जात नाही, तो आधीच गेलेला असतो. तू दाबलंस तर त्याला एक संधी मिळते. ती ‘बरं’ म्हणाली आणि दप्तर उचललं.

११.४०

मुलं गेली. आता शिक्षक, शिपाईमामा, व्हॅनचे ड्रायव्हर आणि खिचडी शिजवणाऱ्या दोन मावशी. मावशी दारातूनच म्हणाल्या, ‘आमाला कशाला वो, आमी अडाणी.’ आग्रह करून बसवल्या. एका सरांनी छान दाबलं, पण दर दहा दाबांनी थांबून शंका विचारत होते. दाब थांबला की रक्त थांबतं, शंका दाबता दाबता विचारा, म्हटलं. मावशींनी पदर खोचला, गुडघे टेकले आणि दोन मिनिटं कोपर न वाकवता, एका लयीत, एकही दिवा न चुकवता दाबलं. दिवसाला शेकडो भाकरी थापलेले हात ते. उठताना म्हणाल्या, ‘एवढंच व्हय?’ एवढंच.

दुपारी ३.३०

सांगली. मॅनिकिनचे चेहरे काढून धुतले, फुप्फुसांच्या पिशव्या बदलल्या, एकाची स्प्रिंग कुरकुरतेय ती बाजूला ठेवली. सात बाटल्या फुटल्या. साडेचारला एका सिझेरियनला बोलावणं आलं, तासाभरात आई आणि बाळ दोघं ठीक.

रात्री ८.१५

मुख्याध्यापिका बाईंचा फोन. नववी ‘ब’मधल्या एकीनं घरी जाऊन कॉटवर उशी ठेवली, उशीला आजोबांची टोपी घातली आणि जेवायला बसलेल्या चुलत्याला सांगितलं, ‘काका, १०८ लावा.’ आज्जी भयंकर संतापल्यात. भरल्या घरात असलं अभद्र नाटक कशाला, शाळेत हेच शिकवता का, वगैरे. आजोबा म्हणे हसत होते.

मी म्हटलं, आज्जींना माझा नमस्कार सांगा आणि पुढच्या शनिवारी त्यांनाच घेऊन या. आणि मुलीला सांगा, बाकी सगळं बरोबर, फक्त उशी कॉटवर ठेवायची नाही. गादीवर दाबलं की जोर गादीत जातो. माणूस आधी खाली फरशीवर घ्यायचा.

वाचणाऱ्यांना दोन कामं. आपल्या घराचा पत्ता १०८ ला समजेल असा लिहून दाराच्या मागं चिकटवा, आणि तो घरातल्या सगळ्यात लहान फोन लावणाऱ्याकडून मोठ्यानं वाचून घ्या. आणि तुमच्या गावच्या शाळेत हा तास होत नसेल, तर मुख्याध्यापकांना घेऊन जवळच्या भूलतज्ज्ञाकडं जा. एक सकाळ, चार सतरंज्या आणि झाकण असलेल्या रिकाम्या बाटल्या, एवढ्यावर काम भागतं.